मांडीतली गाठ साधी आहे की दुसरं काही, एमआरआयवरून कळतं का? (इंदूर)

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, लॅबवाले, स्कॅन सेंटरवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय.

आईच्या (वय ६४) डाव्या मांडीत मागच्या बाजूला गाठ आहे. दुखत नाही, लाल नाही, ताप वगैरे काही नाही. तिचं एकच, "अरे ती केव्हाची आहे, चरबी आहे, तू कामाला जा". पण हल्ली खुर्चीच्या कडेवर बसली की सारखी कुशी बदलते आणि मला तरी वाटतं की दिवाळीपासून वाढलीय, ती कबूल करणार नाही हे वेगळं. शेवटी बायकोने हट्टाने सोनोग्राफीला नेलं. रिपोर्टमध्ये असं आहे की मांडीच्या मागच्या स्नायूच्या आत ९ बाय ६ सेमीची चरबीसारखी दिसणारी गाठ, आत थोडे पडदे, डॉपलरवर फारसा रक्तप्रवाह नाही, इंट्रामस्क्युलर लायपोमा (स्नायूच्या आतली चरबीची साधी गाठ) असावा, एमआरआय करून घ्यावा.

आता आमचे नेहमीचे सर्जन म्हणतात लायपोमाच आहे, लोकल भूल देऊन काढून टाकू, संध्याकाळी घरी. पुण्याची मामेबहीण डॉक्टर आहे ती फोनवर ओरडली की एमआरआयशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका. मी मधल्यामध्ये. एमआरआयवरून खरंच कळतं का की कॅन्सर आहे की नाही? आणि शेवटी बायोप्सी करणारच असतील तर आधी एमआरआयचा खर्च कशाला? कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन पण सांगतायत, आईला शुगर आहे, ते चालतं का? जरा साध्या भाषेत सांगा.

जिरावन_मार_के

भिया टेन्शन घेऊ नका. आमच्या काकांच्या दोन्ही हातांवर, पोटावर, पाठीवर अशा गाठीच गाठी आहेत, वीसेक वर्षं झाली असतील, सराफ्यात रात्री बारा वाजता गराडू खाताना दिसतील तुम्हाला, एकदम टणटणीत. चरबीची गाठ म्हणजे चरबीची गाठ. हे स्कॅनवाले प्रत्येक रिपोर्टच्या खाली "एमआरआय सुचवतो" लिहूनच ठेवतात, छापलेलंच असतं बहुतेक. डॉक्टर काढतो म्हणतोय तर काढून घ्या, गाठ हातात आली की मग लॅबमध्ये पाठवा, काय ते कळेलच ना.

बोगद्यातला_माणूस

जिरावनभाऊ, काकांच्या गाठी कातडीखाली आहेत, बोटाने हलतात, मऊ आहेत आणि भरपूर आहेत. यांच्या आईंची एकच आहे, स्नायूच्या आत आहे आणि ९ सेमी आहे. हा फरक छोटा नाही.

मी इंदुरातच एमआरआय टेक्निशियन आहे, रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, पण मशीनच्या बाजूने जे रोज बघतो ते सांगतो. ५ सेमीपेक्षा मोठी, फॅशियाच्या म्हणजे स्नायूवरच्या जाड पांढऱ्या पडद्याच्या खाली गेलेली, वाढत असलेली, किंवा एकदा काढून पुन्हा आलेली, यातलं काहीही असेल तर आमच्याकडे येणारे ऑर्थोवाले आणि कॅन्सर सर्जन दोघंही आधी एमआरआयच मागतात. दुखत नाही यावर जाऊ नका, मांडीतल्या वाईट गाठी पण पुष्कळदा दुखत नाहीत, म्हणूनच लोक उशिरा येतात.

चरबीच्या गाठीसाठी एमआरआय का, तर मशीनला चरबी वेगळी काढून दाखवता येते. टी-वन नावाच्या सिक्वेन्सवर चरबी पांढरी शुभ्र दिसते. पण पांढरं दिसलं म्हणजे चरबीच असं नसतं, जुनं रक्तही तिथे पांढरं दिसू शकतं. म्हणून आम्ही तोच भाग फॅट सप्रेशन लावून परत घेतो, म्हणजे फक्त चरबीचा सिग्नल दाबायचा. गाठ पूर्ण काळी पडली, मांडीवरच्या कातडीखालच्या चरबीइतकीच काळी, तर आत चरबीच आहे. आणि सगळं काळं पडल्यावर आत कुठे एखादा उजळ ठिपका किंवा जाड रेघ उरली तर रिपोर्टिंगच्या मॅडम तिथेच थांबतात. सोनोग्राफीत हे एवढं स्वच्छ जमत नाही, त्यात गाठ खोल असली की अजून अवघड.

कॉन्ट्रास्टबद्दल: ते गॅडोलिनियमचं असतं, सीटीच्या आयोडीनवालं नाही. शुगर असल्याने काही अडत नाही, किडनी बघावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट घेऊन या नाहीतर तिथेच रक्त काढायला बसवतील आणि तुमचा नंबर मागे जाईल. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, जुन्या ऑपरेशनचं काही धातूचं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, आत गेल्यावर नको. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना घरीच ठेवा. अर्धा पाऊण तास हलायचं नाही, आवाज भयंकर असतो, त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.

आणि एक, गाठ नेमकी कुठे हाताला लागते ते आईंना दाखवायला सांगा. आम्ही तिथे कातडीवर व्हिटॅमिन ईची नाहीतर कॉडलिव्हरची कॅप्सूल चिकटवतो, ती स्कॅनमध्ये चमकते, म्हणजे डॉक्टरला कळतं की पेशंट ज्याबद्दल बोलतोय ती जागा हीच.

रामबागची_मावशी

बाळा, काढून घ्या आणि मग लॅबमध्ये पाठवा असं वर लिहिलंय ना, त्याबद्दलच लिहिते.

माझ्या दिरांना पोटरीत गाठ होती. एका छोट्या नर्सिंग होममध्ये (नाव घेत नाही, काय उपयोग) हात लावून बघितलं, म्हणाले गँगलिऑन म्हणजे पाण्यासारखी साधी गाठ असेल, काढली. सोनोग्राफी पण नाही, काही नाही. गाठ लॅबला गेली ती पण यांनीच आग्रह केला म्हणून, नाहीतर ट्रेमध्येच राहिली असती. रिपोर्ट आला सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे मऊ भागातला कॅन्सर. घरात आभाळ कोसळलं. मग अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, परळला टाटा. तिथे पहिला प्रश्न काय विचारला, ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय कुठे आहे. नव्हताच ना! मग आता जो एमआरआय केला त्यात नुसती सूज आणि रक्त, गाठ नक्की कुठवर होती, तिच्या कडा कुठे होत्या, कोणालाच सांगता येईना. शेवटी जिथे जिथे पहिल्या डॉक्टरचा चाकू गेला असेल तो सगळा भाग, कातडीसकट, स्नायूसकट परत काढावा लागला, वरून मांडीची कातडी लावली, मग रेडिएशन. पाय वाचला, आज चालतात, बागेत जातात, पण नीट पद्धतीने झालं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं असं तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं.

तुझ्या आईचं तसं काही नसेलच, बहुतेक नसतंच. पण संध्याकाळी घरी या शब्दावर भुलू नकोस.

काळंपांढरं

मी रेडिओलॉजीत आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, फिल्म बघितलेली नाही, तेव्हा खालचं सगळं सर्वसाधारण समजा.

आधी धीर देणारी गोष्ट. मऊ भागातल्या गाठींमध्ये साध्या गाठी वाईट गाठींच्या साधारण शंभरपट असतात असं पुस्तकांत मानतात, आणि मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये सार्कोमा जेमतेम १ टक्का. त्यामुळेच गोंधळ होतो, एखाद्या सर्जनच्या अख्ख्या आयुष्यात हाताला लागलेल्या गाठी जवळजवळ सगळ्या साध्याच निघतात आणि हात निर्ढावतो.

आता तुमचा प्रश्न. एमआरआयवरून कळतं का? काही गाठींच्या बाबतीत आम्हाला थेट नाव सांगता येतं आणि ते नाव साधं असलं की निर्धास्त लिहितो. उरलेल्यांच्या बाबतीत एमआरआय साधी की कॅन्सर हे ठरवतच नाही, तो एवढंच म्हणतो की हिचं नाव मला सांगता येत नाही. आणि जिचं नाव सांगता येत नाही ती गाठ बायोप्सी होईपर्यंत संशयितच धरायची, हा आमच्यातला नियम. पेशंटला वाटतं की डॉक्टर हात झटकतोय, पण 'अनिश्चित' हा सुद्धा निष्कर्षच असतो, त्यावर पुढची पावलं ठरतात.

नाव सांगता येणाऱ्या कोणत्या, तर निव्वळ चरबीचा लायपोमा. गुडघ्यामागचा बेकर सिस्ट, त्याची मान दोन ठराविक स्नायूंच्या मधून सांध्यात जाताना दिसली की विषय संपला. रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हेमॅन्जिओमा, आत छोटे गोल खडे असतात ते तर साध्या एक्सरेमध्येही दिसतात (एक्सरे हल्ली कोणी काढतच नाही, स्वस्त आहे म्हणून असेल!). नसेवरची श्वानोमा, एका टोकाने नस आत शिरते दुसऱ्या टोकाने बाहेर पडते आणि टी-टू या सिक्वेन्सवर (त्यात पाणी उजळ दिसतं) मधे गडद, कडेला उजळ अशी चकती दिसते. वयस्कर बायकांमध्ये खांद्याच्या फऱ्याखाली होणारी इलास्टोफायब्रोमा, तिची जागाच तिचं नाव सांगते.

आता फसवणाऱ्या. सगळ्यात मोठा भ्रम गोल, गुळगुळीत, स्वच्छ कडा म्हणजे साधी हा. सार्कोमा आजूबाजूचे स्नायू ढकलत वाढतो, दाबलेल्या पेशींचं खोटं कवच तयार होतं आणि स्कॅनवर अगदी सभ्य दिसतो. ऑपरेशनमध्येही त्या कवचातून पटकन सुटून हातात येतो, सर्जन खूश, आणि कवचाबाहेर पेशी मागे राहिलेल्या. मावशींनी सांगितलेला सायनोव्हियल सार्कोमा तर खास बदमाश, तरुण माणसात होतो, सांध्याजवळ, लहान असू शकतो, वर्षानुवर्षं हळू वाढतो, आणि बिनाकॉन्ट्रास्टच्या एमआरआयवर कधी कधी पाण्याच्या गाठीसारखा दिसतो. मिक्सॉइड जातीच्या गाठींचंही तेच, आत जेलीसारखा पदार्थ, टी-टूवर पाण्याइतक्या चमकतात. इथे कॉन्ट्रास्ट कामाला येतं, खऱ्या पाण्याच्या गाठीत फक्त कडेची रेघ उजळते, मिक्सॉइडमध्ये आतला भाग उजळतो. तिसरी फसवणूक रक्ताच्या गुठळीची. वयस्कर माणूस, मार लागल्याचं नीट आठवत नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही आणि मांडीत मोठा हेमॅटोमा, तर त्या रक्ताच्या आड सार्कोमा बसलेला असू शकतो. कमी होतोय का ते बघायला परत स्कॅन करायलाच हवा.

आणि उलटं पण होतं, साध्या गाठी अक्राळविक्राळ दिसतात. नोड्युलर फॅसायटिस आठवड्या-आठवड्यांत वाढते, स्कॅनवर भीती वाटावी अशी, आणि पुष्कळदा आपोआप विरते. क्रिकेट, कबड्डी खेळणाऱ्या पोरांना मांडीवर मार लागतो, तिथे पुढे स्नायूत हाड तयार व्हायला लागतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स. सुरुवातीच्या आठवड्यांत एमआरआय केला तर सगळीकडे सूज, रंग बदललेला स्नायू, हुबेहूब काहीतरी भयंकर. त्यात घाईने बायोप्सी केली तर पॅथॉलॉजिस्टही गडबडू शकतो. दीड-दोन महिन्यांनी सीटी काढला की गाठीच्या बाहेरच्या कडेला हाडाचं कडं दिसतं, आतून मऊ, आणि प्रश्न मिटतो. मार लागल्याचं जे पेशंट सांगत नाहीत ते आमची पंचाईत करतात.

एमआरआय आधी का बायोप्सी आधी: एमआरआय आधी. एक तर सुई टोचली की रक्त आणि सूज येते आणि मग स्कॅनवर गाठ कुठली, सूज कुठली हा खेळ. दुसरं म्हणजे सुई गाठीत कुठे टोचायची हे स्कॅनवरून ठरतं. मोठ्या गाठीत एका कोपऱ्यात नुसती चरबी, दुसऱ्या कोपऱ्यात मेलेला भाग आणि तिसरीकडे खरा जिवंत ट्यूमर असतो. मेलेल्या भागातून तुकडा घेतला तर रिपोर्ट येतो 'काही आढळलं नाही' आणि सगळे पेढे वाटतात.

जिरावन_मार_के

बरं सर मान्य, पण मग सरळ पेट स्कॅनच करा ना, ते तर म्हणे कॅन्सर असेल तिथे लाइट लागते. दोन-दोन स्कॅन कशाला. आणि सुईने टोचलं की पसरतं असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, ते खरं का खोटं?

काळंपांढरं

पेटमध्ये उजळते ती साखर खाणारी पेशी, कॅन्सरची ओळख पटवणारी लाइट नसते ती. नोड्युलर फॅसायटिस, इन्फेक्शन, काही साध्या श्वानोमा पण जोरात उजळतात, आणि मिक्सॉइड किंवा कमी दर्जाचे सार्कोमा मंदच राहतात. त्यामुळे एकट्या गाठीसाठी पेट हा पहिला स्कॅन नव्हे. ज्यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस आहे, अंगभर नसांच्या गाठी आहेत, त्यांच्यात कोणती बिघडायला लागलीय हे शोधायला मात्र खूप उपयोग होतो.

गंमत म्हणजे एमआरआयची सुरुवातच या आशेवर झाली. १९७१ मध्ये रेमंड डमेडियनने उंदरांच्या ट्यूमरचे तुकडे तपासून 'सायन्स'मध्ये लिहिलं की ट्यूमरच्या ऊतीतला सिग्नल निरोगी ऊतीपेक्षा जास्त वेळ टिकतो, म्हणजे हा आकडा मोजला की कॅन्सर ओळखता येईल. पुढे कळलं की सूज, साध्या गाठी, इन्फेक्शन, सगळ्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. चित्र काढायची पद्धत लाउटरबरने १९७३ मध्ये दाखवली, आणि २००३ चं नोबेल लाउटरबर आणि मॅन्सफिल्डला मिळालं, डमेडियनला नाही, त्यावर त्याने वर्तमानपत्रात पानभर जाहिराती दिल्या होत्या. माणूस भांडकुदळ होता पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. इतकी वर्षं झाली, एका आकड्यात उत्तर अजूनही मिळत नाही.

सुईबद्दल: अंदाजपंचे टोचलं तर नुकसान होतं हे खरं. पण ते सुईमुळे कमी आणि चुकीच्या वाटेमुळे जास्त. पुढे ऑपरेशन करणारा सर्जन कापायची रेघ कुठे घेणार ते आधी ठरवायचं, सुई त्याच रेघेतून आत जायची, म्हणजे गरज पडली तर तो मार्गही गाठीबरोबर निघून येतो. दुसऱ्या चांगल्या स्नायूतून आडवी सुई घातली तर तो स्नायूही वाया. आणि एफएनएसी म्हणजे बारीक सुई नाही, कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, इथे त्यांची रचना बघावी लागते.

एमजीएम_होस्टेल

सर मी इंटर्न आहे, एक डाउट. एमआरआयच्या डिफ्युजन सिक्वेन्समध्ये एडीसी (ऊतीत पाणी किती मोकळं फिरतं त्याचा आकडा) कमी आला तर मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सर असं आम्हाला शिकवलंय, मग त्यावरून ठरवता येत नाही का?

काळंपांढरं

मेंदूत शिकलेलं मांडीत जसंच्या तसं लावू नकोस. दाट पेशींच्या वाईट गाठीत एडीसी कमी येतो हे बरोबर, पण मिक्सॉइड सार्कोमात पाणी इतकं असतं की एडीसी भरपूर येतो, आणि जुनं रक्त, दाट फायब्रस भाग यांच्यात साध्या गाठीतही कमी येतो. जोडीला वापरायचा, एकट्यावर निकाल नाही.

सुदामानगरकर

मंडळी, एमआरआय झाला. आई आत जाताना म्हणाली, "मला काही होत नाही, तूच घाम पुसून घे". क्रिएटिनिन ठीक होतं, कॉन्ट्रास्टने काही त्रास झाला नाही, दोन तासांनी पोहे खाल्ले.

रिपोर्टमधलं महत्त्वाचं उतरवतो. डाव्या मांडीच्या मागच्या कप्प्यात बायसेप्स फिमोरिस या स्नायूच्या आत ९.४ सेमीची चरबीयुक्त गाठ, फॅट सप्रेशनवर बहुतांश भाग दबतो, आत काही पडदे ३ मिमीपर्यंत जाड, कॉन्ट्रास्टनंतर पडदे थोडे उजळतात, गाठीसारखा घन भाग नाही, हाड आणि सायॅटिक नस मोकळी, नस गाठीच्या आतल्या बाजूला लागून आहे पण मधे चरबीची रेघ दिसते. निष्कर्ष: इंट्रामस्क्युलर लायपोमा किंवा एटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर, खात्रीसाठी कोअर बायोप्सी आणि एमडीएम-टू तपासणी सुचवतो.

सगळं समजलं आणि काहीच समजलं नाही. हे चांगलं आहे की वाईट? एटिपिकल म्हणजे कॅन्सर का? रात्री गुगल केलं तर लायपोसार्कोमा असं आलं आणि मग झोप उडाली.

काळंपांढरं

गुगल बंद करा आधी. रिपोर्ट नीट लिहिलेला आहे, ज्याने लिहिला त्याने विचार केलाय.

यात चांगल्या गोष्टी बऱ्याच आहेत. चरबीशिवायचा घन गोळा नाही ही सगळ्यात महत्त्वाची. जास्त वाईट प्रकारांत, म्हणजे डीडिफरन्शिएटेड लायपोसार्कोमात, चरबीच्या शेजारी साधारण असा बिनचरबीचा गोळा दिसतो. नस आणि गाठ यांच्यामधे चरबीची रेघ आहे म्हणजे नस गुंडाळली गेलेली नाही, सर्जनसाठी ही मोठी सोय.

प्रश्न पडद्यांचा आहे. साध्या लायपोमात पडदे असले तर संत्र्याच्या फोडींमधल्या पापुद्र्यासारखे बारीक असतात. २ मिमीच्या वर जाड, किंवा त्यावर गाठी, किंवा कॉन्ट्रास्टने उजळणारे, आणि गाठ १० सेमीच्या आसपास, खोल, वय साठीपुढे, असं जमलं की आम्ही एटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर म्हणजे एएलटीचं नाव घेतो. पण यातले पुष्कळ शेवटी साधे लायपोमाच निघतात. स्नायूच्या आतल्या लायपोमात स्नायूचे धागे अडकलेले असतात ते पडद्यांसारखे दिसतात, कधी दाबामुळे आतली थोडी चरबी मेलेली असते तीही उजळते. तुमच्या आई त्याच बाजूवर बसतात ना. इथे डोळ्याने फरक करता येत नाही, माझ्याही नाही आणि टाटातल्या सरांच्याही नाही, म्हणून एमडीएम-टू. एएलटीत बाराव्या क्रोमोसोमवरच्या या जीनच्या जादा प्रती असतात, साध्या लायपोमात नसतात. बायोप्सीच्या तुकड्यावर फिश नावाची तपासणी करतात, इंदुरात नमुना घेऊन बाहेर पाठवतात बहुतेक, थोडा वेळ लागेल.

समजा एएलटी निघाला. हात-पायांत झालेला एएलटी दुसरीकडे पसरत नाही, फुप्फुसात जात नाही, त्याचा त्रास एवढाच की नीट निघाला नाही तर त्याच जागी परत येऊ शकतो, आणि क्वचित वर्षांनंतर त्याच्यात वाईट बदल होऊ शकतो. हाच ट्यूमर पोटाच्या मागच्या भागात झाला तर त्याला वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा म्हणतात कारण तिथून तो पूर्ण काढणं कठीण असतं. गुगलवर तुम्हाला दिसलं ते बहुधा हे. मांडीत ती परिस्थिती नाही.

लोकल भुलीत संध्याकाळी घरी हा बेत मात्र आता सोडा. साधा लायपोमा निघाला तरीसुद्धा बायसेप्सच्या आतली, सायॅटिक नसेला टेकलेली ९ सेमीची गाठ आहे ही, पूर्ण भूल आणि नस ओळखणारा सर्जन लागेल.

सुदामानगरकर

हे रात्री वाचून दाखवलं आईला. म्हणाली, "म्हणजे बसण्याची पद्धत बदलली असती तर रिपोर्ट बरा आला असता का?" काय बोलणार.

सर्जननाच फोन केला आणि रिपोर्ट वाचून दाखवला. रागावतील वाटलं होतं पण म्हणाले की हे माझ्याकडे करू नका, ऑर्थो ऑन्कोलॉजीवाल्याकडे (हाडा-स्नायूंच्या कॅन्सरचा सर्जन) जा, मी चिठ्ठी देतो. आता बायोप्सी इंदुरातच करावी का मुंबईला जाऊनच?

रामबागची_मावशी

त्यांनी स्वतः चिठ्ठी दिली, चांगला माणूस आहे, पकडून ठेव.

जिथे ऑपरेशन करायचं तिथेच बायोप्सी, आम्हाला परळला हेच ऐकवलं. ऑपरेशन इंदुरात होणार असेल तर तो सर्जन आणि सुई घालणारा डॉक्टर आधी एकमेकांशी बोलले पाहिजेत, नुसती पर्ची देऊन पेशंटला इकडून तिकडे नको. मुंबईला जाणार असशील तर इथे टोचून घेऊ नकोस. आणि बायोप्सी कुठेही झाली तरी स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागून घे, नुसता कागदाचा रिपोर्ट पुढे कोणी विचारत नाही. आम्ही ब्लॉक मागितला तेव्हा लॅबवाले आमच्याकडे असे बघत होते जणू आम्ही त्यांचा फ्रिज मागतोय, पण तुझा हक्क आहे, सही करून मिळतो.

बोगद्यातला_माणूस

एमआरआयचं पण तेच, फिल्म नको, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा आणि डायकॉम म्हणजे स्कॅनची मूळ फाइल आहे का ते विचारा, जेपीजीचे फोटो देतात काही ठिकाणी, त्यावर दुसरा डॉक्टर काही मोजू शकत नाही. घरी कॉम्प्युटरवर उघडून बघा की सगळे सिक्वेन्स आलेत, कॉन्ट्रास्टच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही. राहिले असतील तर लगेच सेंटरवर जा, फार दिवस झाले की सर्व्हरवरून उडवतात.

जिरावन_मार_के

काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले माझ्या पाठीची एक पण मोठी झालीय वाटतं. सर त्यांना पण एमआरआय?

काळंपांढरं

आधी हाताने तपासून घ्या आणि त्या एकाच गाठीची सोनोग्राफी. कातडीखाली, मऊ, हलणारी, ५ सेमीच्या आत आणि आत निव्वळ चरबी दिसली तर तिथेच थांबायचं. फॅशियाच्या खाली गेलेली वाटली किंवा आत वेगळं काही दिसलं तर मग पुढचं बोलू. बाकीच्या गाठींना हात लावायची गरज नाही.